झेडएक्स स्पेक्ट्रम १२८ : सहा बिटांचं पेजिंग, आणि ते बघायला मशीन घ्यावं का

आधीच सांगतो, हा गेम्सचा रिव्ह्यू नाहीये. स्पेक्ट्रम १२८ ह्या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरबद्दल जो तो त्याच्या साउंड चिपचं कौतुक करतो आणि ते खरंही आहे, आधीच्या ४८ के स्पेक्ट्रमच्या बीपरनंतर तीन चॅनेलची एवाय-३-८९१२ ऐकली की फरक लगेच कानाला कळतो, पण मी हे मशीन मागवलं ते फक्त त्यातल्या मेमरीच्या व्यवस्थेसाठी, आणि लिहिणारही तेवढ्यावरच आहे. मी डिप्लोमाच्या पोरांना कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन शिकवतो. पेजिंगचा, म्हणजे मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे (पानं) करून ते हवे तेव्हा हव्या पत्त्यावर लावायचा, टॉपिक आला की फळ्यावर पेज टेबल काढायचं, बाण काढायचे, टीएलबीचा (पत्ते पटकन शोधणाऱ्या छोट्या यादीचा) चौकोन काढायचा, पोरं ते सगळं वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात, मार्कही मिळतात, आणि मग कोणीतरी मागच्या बाकावरून विचारतं की सर, पण आत नक्की बदलतं काय? आजच्या प्रोसेसरमध्ये ते दाखवता येत नाही. ह्या मशीनमध्ये येतं. झाकण काढायचं, एका छोट्या चिपवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हे बदलतं.

माझं मत पहिल्यांदाच देतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील. शिकायला आणि शिकवायला पाचपैकी पाच. मशीन कोडमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला साडेतीन. बेसिक ह्या सोप्या भाषेतच राहणाऱ्याला दोन, आणि तो का दोन हे खाली सविस्तर येईल कारण त्याचा मला मनापासून राग आहे.

थोडा इतिहास. सिंक्लेअरचा मूळ स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ चा, १६ के किंवा ४८ के रॅमचा. १२८ चं मॉडेल आलं ते स्पेनमुळे. तिथल्या सरकारने ६४ के किंवा त्याहून कमी रॅमच्या आणि स्पॅनिश अक्षरं, स्पॅनिश मेसेज न दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर वेगळा कर बसवला होता. मग सिंक्लेअरने तिथला वितरक इन्वेस्ट्रोनिका ह्यांच्याबरोबर बसून हे मॉडेल केलं आणि सप्टेंबर १९८५ मध्ये ते आधी स्पेनमध्ये निघालं. इंग्लंडमध्ये गोदामात जुने स्पेक्ट्रम प्लस पडून होते, त्यामुळे तिथल्या लोकांना १९८६ च्या सुरुवातीपर्यंत थांबावं लागलं, किंमत १७९ पौंड ९५ पेन्स. पुढे एप्रिल १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना घेतला आणि त्याच वर्षी हेच डिझाइन राखाडी डब्यात, शेजारी कॅसेट रेकॉर्डर लावून, प्लस २ नावाने १४९ पौंडांना विकायला काढलं.

आपल्याकडच्या ज्या लोकांनी ऐंशीच्या दशकात स्पेक्ट्रम बघितला त्यांनी बहुतेक करून डीबी स्पेक्ट्रम प्लस बघितला असेल, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ मध्ये आणलेला. तो ४८ केवाला, म्हणजे १६ के रॉम आणि ४८ के रॅम, बेरीज ६४, विषय संपला, त्यात पेजिंग बिजिंग काही नाही. तुमच्या आठवणीतला स्पेक्ट्रम तो असेल तर खालचं सगळं तुम्हालाही नवीनच असणार आहे.

आता मुद्दा. झेड८० प्रोसेसरला अ‍ॅड्रेसच्या १६ लाइन. सोळा लाइनवर ६५,५३६ पत्ते होतात, एक जास्त नाही. आणि १२८ मध्ये आहे १२८ के रॅम अधिक ३२ के रॉम, म्हणजे १६० के. प्रोसेसर तोच ठेवून हे आत बसवायचं कसं? तर सगळ्याचे १६ केचे तुकडे केले. रॅमच्या आठ बँका, ० ते ७. रॉमच्या दोन. आणि प्रोसेसरला जे ६४ के दिसतात त्याचे चार खण. सगळ्यात खालच्या खणात रॉम, ती पहिली किंवा दुसरी. १६३८४ पासून पुढे बँक ५, कायमची, कारण स्क्रीन तिथे असतो. ३२७६८ पासून बँक २, तीही कायमची. आणि ४९१५२ पासून वर जो शेवटचा खण आहे त्यात आठपैकी कुठलीही एक बँक.

नाटकाचा फिरता रंगमंच ज्यांनी बघितलाय त्यांना हे एका वाक्यात कळेल. प्रेक्षकाला दिसणारी चौकट तीच राहते आणि मागे गोल फिरवला की वाड्याच्या जागी कोर्ट उभं राहतं, पण वाडा मोडलेला नसतो, तो मागे तसाच्या तसा उभा असतो, तांब्याभांड्यासकट. बँक बदलली की अगदी हेच होतं. एक बाइटसुद्धा कुठे कॉपी होत नाही, इकडचं उचलून तिकडे ठेवलं जात नाही. फक्त ४९१५२ हा पत्ता उच्चारल्यावर कोण ओ देणार ते बदलतं. पोरांच्या डोक्यात हे एकदा बसलं ना, की प्रोग्रॅमला दिसणारा व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस आणि रॅममधला खरा फिजिकल अ‍ॅड्रेस हे दोन वेगळे का असतात ते परत सांगावं लागत नाही.

हे फिरवणारं हार्डवेअर किती? सहा बिट. खरंच सहा. ७४एलएस१७४ नावाची एक साधी चिप, आत सहा फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट धरून ठेवणारी सर्किटं, आणि सोबत पत्ते ओळखणारी एक छोटी एचएएल चिप. पोर्ट (प्रोसेसर मेमरीबाहेरच्या हार्डवेअरशी ज्या नंबरावरून बोलतो तो) ३२७६५ वर एक नंबर पाठवला की तो ह्या सहा फ्लिप-फ्लॉपमध्ये, म्हणजेच लॅचमध्ये, जाऊन बसतो. खालचे तीन बिट म्हणजे बँकेचा नंबर. चौथा बिट स्क्रीन कुठला दाखवायचा ते ठरवतो, बँक ५ मधला का बँक ७ मधला. पाचवा बिट रॉम निवडतो. सहावा म्हणजे कुलूप, तो एक केला की रीसेट करेपर्यंत पेजिंग बंद, परत काहीही पाठवा, लॅच ऐकत नाही.

कायमच्या बँका ५ आणि २ च का, १ आणि २ का नाहीत, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता, मग एकदा कागदावर मांडलं. पत्त्याच्या वरच्या दोन लाइन ए१५ आणि ए१४. १६३८४ पासूनच्या खणात त्या ० आणि १ असतात, ३२७६८ पासूनच्या खणात १ आणि ०. आता बँकेचे तीन बिट ए१४, ए१५, ए१४ अशा क्रमाने घ्या. १६३८४ च्या खणात येतं १०१, म्हणजे ५. ३२७६८ च्या खणात ०१०, म्हणजे २. आणि वरच्या खणात दोन्ही १, म्हणून १११, त्यावर लॅचचे तीन बिट लावले की जी हवी ती बँक. म्हणजे वेगळी टेबलं नाहीत, अ‍ॅडर नाहीत, थोडी गेट्स आणि काम झालं. इतक्या कमी खर्चात इतकं नीट केलेलं काम बघितलं की मला फार बरं वाटतं, आणि पोरांना मी हे कागदावर त्यांच्याच हाताने काढायला लावतो.

आता प्रत्यक्ष वापर. हे बेसिकमधून करता येतं हे मला सगळ्यात आवडलेलं. आधी क्लिअर ४९१५१ द्यायचं म्हणजे बेसिकचा पसारा आणि स्टॅक (काम झाल्यावर परत कुठे जायचं ते पत्ते ठेवायची जागा) वरच्या खणातून खाली येतो. मग पोक २३३८८ (पोक म्हणजे त्या पत्त्यावर नंबर लिहायचा) आणि लगेच आऊट ३२७६५ (आऊट म्हणजे पोर्टला पाठवायचा), दोन्हीत तोच नंबर. नंबर म्हणजे १६ अधिक बँक, १६ कशासाठी तर बेसिकची रॉम जागेवर राहावी म्हणून. एका बँकेत ४९१५२ वर १११ लिहा, दुसरी लावून तिथेच २२२ लिहा, परत पहिली लावून पीक करा, म्हणजे तिथला नंबर वाचा, १११ तसाच. हे बघताना वर्गात नेहमी एक क्षण शांतता होते आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात.

त्याहून भारी प्रयोग म्हणजे २१ पाठवायचा, म्हणजे बँक ५ वरच्या खणात. पण बँक ५ तर खालीही आहे, १६३८४ ला, कायमची! म्हणजे एकच रॅम दोन पत्त्यांवर. आता पोक ४९१५२, २५५ करा आणि स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बघा, आठ पिक्सेलची बारीक रेघ उमटते. लिहिलं वरच्या खणात आणि उमटलं स्क्रीनवर. एकाच फिजिकल पानाला दोन व्हर्च्युअल पत्ते, आजच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेअर्ड मेमरी म्हणतात ती हीच, आणि ती इथे दोन ओळींच्या बेसिकमध्ये डोळ्यांनी दिसते. माझ्या मते नुसत्या ह्या एका प्रयोगासाठी कॉलेजच्या लॅबमध्ये हे मशीन असायला हवं.

दुसऱ्या स्क्रीनचं पण सांगायला हवं. स्पेक्ट्रमचा स्क्रीन ६९१२ बाइटचा, ६१४४ पिक्सेलचे आणि ७६८ रंगांचे. बँक ७ मध्ये अजून एक असा स्क्रीन ठेवता येतो. बँक ५ चा दाखवत ठेवायचा, तेवढ्यात ७ मध्ये पुढचं चित्र काढून घ्यायचं, आणि मग एक बिट उलटा केला की अख्खं चित्र एका झटक्यात बदलतं. २३ पाठवून बँक ७ समोर आणा, त्यात काहीतरी भरा, मग २४ पाठवा, बघा. ४८ केवर हेच करायचं तर जवळजवळ सात हजार बाइट हलवावे लागतात आणि चित्र लुकलुकतं ते वेगळंच. एका बिटात हे मिळतंय.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी, फिरणारा खण एकच आहे आणि तो सगळ्यात वर आहे. झेड८० चा स्टॅक सवयीने वरूनच खाली वाढतो, म्हणजे नेमका तिथेच असतो. बँक बदलताना स्टॅक त्या खणात राहिला तर पुढचं रिटर्न कुठे नेईल ह्याचा भरवसा नाही, मशीन गेलंच समजा. इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम मध्येच सोडायला लावणारा इशारा) चालू असताना बदल करायचा तर आणखी काळजी, इंटरप्टचा कोड किंवा त्याचं टेबल फिरत्या खणात असेल आणि तेवढ्यात इंटरप्ट आला तर परत तेच. म्हणून जाणकार लोक काय करतात, इंटरप्ट बंद करायचे, २३३८८ वर नवीन नंबर नोंदवायचा, पोर्टला पाठवायचा, मग इंटरप्ट चालू करायचे, हा क्रम पाठच करून टाकतात. बरं, एका बँकेतलं दुसऱ्या बँकेत कॉपी करायचं असेल तर दोन्ही एकाच वेळी समोर आणता येत नाहीत, मधल्या बँक २ मध्ये तात्पुरतं ठेवून दोन खेपा घालाव्या लागतात. दोन फिरते खण दिले असते, तीन बिट जास्त लागले असते फक्त. इथे सिंक्लेअरने जरा हात सैल सोडायला हवा होता असं मला अगदी ठामपणे वाटतं.

दुसरी तक्रार, पोर्ट नुसता लिहायचा आहे, वाचता येत नाही. आत्ता कुठली बँक लागलीये हे मशीनला विचारायची सोयच नाही, म्हणून तर २३३८८ वर स्वतःच नोंद ठेवायची. आणि नुसतं वाचता येत नाही एवढंच असतं तरी चाललं असतं, पण ह्या मॉडेलमध्ये आणि राखाडी प्लस २ मध्ये ती एचएएल चिप वाचणं आणि लिहिणं ह्यात फरकच करत नाही. म्हणजे इन ३२७६५ केलं की त्या क्षणी डेटा बसवर जे काही तरंगत असेल ते लॅचमध्ये जाऊन बसतं. कुठलीही बँक, कुठलीही रॉम, कधी कुलूपही. मशीन तिथेच आडवं होऊ शकतं. हा दोष सगळ्यांना माहीत आहे, जुन्या लोकांच्या लिखाणात सापडतो, तरी नवीन माणूस हमखास करून बघतो म्हणून मुद्दाम सांगितलं. शिवाय पत्ताही अर्धवटच ओळखला जातो, ए१५ आणि ए१ ह्या दोन लाइन शून्य असल्या की झालं, बाकीच्या चौदांकडे कोणी बघत नाही. त्यामुळे मागे एखादं बाहेरचं उपकरण लावलं असेल आणि त्याचा पोर्ट ह्या चाळणीतून पास होत असेल तर मेमरीत गोंधळ ठरलेला.

तिसरी, वेग. मूळच्या १२८ मध्ये ६४ किलोबिटच्या सोळा रॅम चिप आहेत, आठ आठचे दोन गट. एका गटावर स्क्रीन काढणारी यूएलए चिप पण हक्क सांगते, आणि ती वाचत असताना प्रोसेसरला थांबवून ठेवते. विषम नंबरच्या बँका, १, ३, ५, ७, ह्या त्या गटात. सम नंबरच्या मोकळ्या. म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या आठ बँका खऱ्या सारख्या नाहीत, वेळेला नाजूक असलेला कोड बँक ३ मध्ये टाकला तर रखडतो आणि ४ मध्ये टाकला तर पळतो. मेमरीच्या नकाशावर हे कुठेच दिसत नाही. शिकवायला मात्र हे सोनं आहे, पत्ता वेगळा झाला की नुसती जागा बदलत नाही, वेळही बदलते, हे पोरांना स्टॉपवॉच लावून दाखवता येतं.

आता तो बेसिकचा राग. डब्यावर १२८ के लिहिलंय, तुम्ही मोठ्या हौसेने बेसिक चालू करता, आणि प्रोग्रॅमला मिळते जवळपास तेवढीच जागा जेवढी ४८ केला मिळायची. बाकीची मेमरी बेसिकसाठी रॅमडिस्क म्हणून ठेवलीये. सेव्ह, मग उद्गारचिन्ह, मग फाइलचं नाव, असं दिलं की प्रोग्रॅम किंवा अ‍ॅरे बँक १, ३, ४, ६ आणि सातव्याच्या काही भागात जाऊन राहतो, आणि लगेच परत आणता येतो. सोय छानच आहे, कॅसेटची मिनिटं मोजणाऱ्याला तर फारच, पण लाइट गेली की सगळं गेलं, आणि मोठा प्रोग्रॅम तुकडे करून स्वतःच आत बाहेर करत बसायचं. त्याच काळातला कमोडोर १२८ बघा, तो चालू केला की १,२२,३६५ बाइट मोकळे असं लिहून येतं आणि ते सगळे बेसिकचे. तिथे प्रोग्रॅम एका ६४ केच्या बँकेत आणि व्हेरिएबल दुसऱ्या बँकेत, आणि माणसाला त्यासाठी काहीच करावं लागत नाही. त्यासाठी त्यांनी ८७२२ नावाची खास एमएमयू (मेमरीची व्यवस्था बघणारी) चिप बनवली, जी प्रोसेसरचं शून्य पान आणि स्टॅकचं पानसुद्धा उचलून दुसरीकडे लावू शकते. खर्च जास्त, पण बेसिकवाल्याला न्याय दिला. सिंक्लेअरने त्याला वाऱ्यावर सोडलं, म्हणून दोन मार्क, आणि हे बदलायची माझी तयारी नाही.

कुलपाबद्दल मात्र चांगलंच बोलणार. मेन्यूमधून ४८ बेसिक निवडलं की सहावा बिट एक होतो आणि मशीन जुन्या स्पेक्ट्रमसारखं वागायला लागतं. कारण जुन्या गेमपैकी एखादा चुकून त्या पोर्टवर काही पाठवेल आणि पायाखालची मेमरी सरकेल ही भीती होतीच, ती एका फ्लिप-फ्लॉपमध्ये मिटवली. जुनं सॉफ्टवेअर जपायचं ही कळकळ त्यात दिसते. अगदी शंभर टक्के जुनं होत नाही, घड्याळ ३.५ मेगाहर्ट्झऐवजी ३.५४६९ आहे आणि स्क्रीनच्या एका ओळीला २२४ ऐवजी २२८ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) लागतात, त्यामुळे बॉर्डरवर बारीक टायमिंगचे खेळ करणारे काही प्रोग्रॅम बिघडतात, पण बाकी चालतं. आणि कुलूप न लावता ४८ बेसिकमध्ये जायचं असेल तर १२८ बेसिकमधून यूएसआर ० करायचं, पेजिंग चालू राहतं. रशियात निघालेल्या पेंटॅगॉनसारख्या क्लोनवर ही युक्ती खूप वापरली गेली.

इथे एक लक्षात घ्या, ह्याला पूर्ण अर्थाने मेमरी मॅनेजमेंट म्हणायचं का ह्यावर वाद होऊ शकतो. संरक्षण शून्य, कुठलाही प्रोग्रॅम कुठलीही बँक पुसू शकतो. पान जागेवर नाही असं कळवणारं काही नाही. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस कॉम्प्युटरने १९६२ मध्येच हे करून दाखवलं होतं, ५१२ शब्दांची पानं, आणि हवं ते पान कोअर मेमरीत नसेल तर मशीन स्वतःच अडून ते चुंबकीय ड्रमवरून आणायचं, प्रोग्रॅमला पत्ताही नाही. त्यापुढे स्पेक्ट्रम फारच साधा, इथे कुठलं पान कधी लावायचं हे सगळं प्रोग्रॅमरने लक्षात ठेवायचं. पण मोठ्यांनीही हाच रस्ता घेतला होता हे विसरू नका. त्याच १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने पीसीसाठी एक्सपांडेड मेमरीचा नियम काढला, त्यातही १६ केचीच पानं, फक्त खिडक्या चार. बीबीसी मायक्रो, जो आपल्याकडे क्लास प्रोजेक्टमधून शाळांमध्ये आला होता, त्यातही एका १६ केच्या जागेत चार बिटांच्या नंबरावरून रॉम बदलल्या जायच्या. ज्यांनी शाळेत तो वापरलाय त्यांनी बँक स्विचिंग तेव्हाच वापरलं होतं.

अ‍ॅमस्ट्रॅडने १९८७ मध्ये प्लस ३ काढला, २४९ पौंडांना, आणि त्यात वरच्यापैकी काही दुखणी बरी केली. पोर्ट ८१८९ असा दुसरा एक दिला, त्यातून रॉम चार झाल्या आणि चारही खणांत रॅम लावायची सोय झाली. हे महत्त्वाचं का, तर सीपी/एम ह्या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमला शून्य पत्त्यापासून रॅम लागते, ती मूळच्या १२८ मध्ये मिळूच शकत नाही कारण तिथे कायम रॉम ठाण मांडून बसलेली. प्लस ३ वर सीपी/एम प्लस चालतो. वाचण्याचा तो दोषही गेला. पण रखडणाऱ्या बँका बदलून ४ ते ७ झाल्या, म्हणजे १२८ साठी विचारपूर्वक मांडलेला कोड तिथे वेगळ्या वेगाने चालतो, हे खटकतं. आणि आजचा स्पेक्ट्रम नेक्स्ट बघितलात तर त्यात ८ केचे आठ खण आहेत, आणि प्रत्येकात हवं ते पान, रॉमच्या जागीसुद्धा. ज्याला आज नवीन काही लिहायचंय त्याने सरळ नेक्स्ट घ्यावा, मी अडवणार नाही.

मग १२८ कोणी घ्यावा? जो शिकवतो त्याने, आणि ज्याला आतलं बघायचंय त्याने. मॉडेल निवडताना, बाजूला उघडं हीटसिंक असलेलं मूळ सिंक्लेअरचं मशीन जास्त देखणं आणि आता जास्त महाग, राखाडी प्लस २ मध्ये पेजिंग अगदी तेच आणि कीबोर्ड त्याहून बरा. माझी शिफारस राखाडीची. काळा प्लस २ए नको, म्हणजे वाईट आहे म्हणून नाही, तो आतून प्लस ३ आहे, वरचे प्रयोग जसेच्या तसे करून दोष बघायचे असतील तर ते त्यात दिसणार नाहीत. मशीन नसेलच मिळत तर फ्यूज हा एम्युलेटर फुकट आहे, आउट आणि पोकचे सगळे प्रयोग त्यावर होतात, झाकण उघडून चिप दाखवायचं तेवढं राहतं.

जुनं घेताना विकणाऱ्याला एक छोटा प्रोग्रॅम चालवून दाखवायला सांगा. क्लिअर ४९१५१, मग ० ते ७ अशी एकेक बँक लावून ४९१५२ वर त्या बँकेचा नंबर लिहायचा, सगळ्या झाल्यावर परत एकेक लावून वाचायचा. आठही नंबर बरोबर आले तर लॅच आणि बँका निवडणारी गेट्स ठीक आहेत. एखाद्या बँकेत दुसरीचाच नंबर आला तर निवडणाऱ्या लाइनमध्ये गडबड. आणि नुसत्या विषम किंवा नुसत्या सम बँकांमध्ये नंबरातला एखादा बिट चुकत असेल तर त्या गटातली एक रॅम चिप गेलीये, ती बदलता येते. पॉवर सप्लाय ९ व्होल्टचा आहे पण आतली पिन निगेटिव्ह आणि बाहेरची पॉझिटिव्ह, आजच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरच्या उलट, त्यामुळे घरातला कुठलाही उचलून लावू नका, आधी मीटरने बघा.